तयार वर्ग

इंग्रजी कसं शिकवावं हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. इंग्रजी शिकवायला मात्र पहिल्या चार-दोन वर्षांनंतर मला कुणी वर्गावर पाठवलंच नाही. आमच्या क्षेत्राची रीतच तशी आहे. मुलांना शिकवतो तो मास्तर, मास्तरांना शिकवतो तो प्राध्यापक आणि प्राध्यापकांना जेवणाआधी दीड तास झोपवतो तो तज्ज्ञ. मी या तिन्ही पायऱ्या चढले. जसजशी वर गेले तसतशी मुलं दिसेनाशी झाली, आणि तसतशी माझ्या भाषणात मुलं वाढत गेली.

माझा विषय उपयोजित भाषाविज्ञान. जळगावात आमच्या नातेवाइकांत हे सांगायची सोय नव्हती. एका मामांनी विचारलं, "उपयोजित म्हणजे उपयोगाचं ना? मग हरकत नाही." त्यांच्याइतका विश्वास या विषयावर पुढे मी कुणाचाच पाहिला नाही. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत पुस्तकातली मराठी आणि कॉलेजात मराठीतून समजावलेलं इंग्रजी. पीएच.डी.ला मी हेच घेतलं: घरी अहिराणी बोलणारी मुलं इंग्रजी शिकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात नेमकं काय चालतं. प्रबंध उशाला घेता येईल इतका जाड झाला. तोंडी परीक्षेला आलेल्या थोर विद्वानांनी मला एकच प्रश्न विचारला, अहिराणीला स्वतःची लिपी आहे का. मी म्हटलं, नाही, आणि इंग्रजीलाही नाही, तिनेही ती उसनीच आणलीय. ते हसले आणि घड्याळाकडे बघू लागले. थंडीचे दिवस होते, आणि हिवाळ्यात जळगावला येऊन भरीत न खाता कुणी परत जात नाही.

त्यानंतर मी धुळ्याच्या एका बी.एड. कॉलेजात लागले आणि परिषदांच्या मांडवात शिरले. तिथे मी इंग्रजी शिकवण्याच्या किती पद्धती जन्मताना आणि मरताना पाहिल्या याची मोजदाद नाही. आधी वाक्यांचे साचे होते, मग संवाद आला, मग मुलांनी ज्ञान स्वतः घडवायचं आलं, आता मोबाइल आलाय. बॅनर बदलत राहिले, समई मात्र तीच, आणि ती पेटवताना विझणारी काडीही तीच. 'मूल केंद्रस्थानी' या विषयावर मी मुलांना सुट्टी असलेल्या दिवशी, मुलं नसलेल्या सभागृहात, मुलं नसलेल्या माणसांकडून तासन् तास ऐकलंय. निबंध वाचणारा मान वर करत नाही, ऐकणारा मान खाली घालून मोबाइल बघतो, अध्यक्ष वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवतात आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बहुधा अशाच एखाद्या सत्राच्या चहापानात सुचली असावी.

पण सांगायचंय ते आमच्या कॉलेजातल्या एका रिवाजाबद्दल.

बी.एड.च्या मुलामुलींची वर्षाच्या शेवटी एक परीक्षा असते. जवळच्या शाळेतल्या वर्गावर प्रत्येकाने एकेक पाठ घ्यायचा. एक परीक्षक बाहेरगावचा, एक आमच्या कॉलेजचा. दोघांनी मागच्या बाकावर बसून बघायचं, निरीक्षणं लिहायची, मिळून गुण ठरवायचे आणि एकाच कागदावर सह्या करायच्या. कागदावर सगळं ठाकठीक आहे. आमच्याकडे त्याला एक जोड होती, ती म्हणजे तयार वर्ग. परीक्षेच्या आठवड्यात शाळा एक वर्ग काढून द्यायची. त्यात बडबडी मुलं पुढे बसवायची, उरलेल्यांना मैदानावर खो-खो खेळायला सोडायचं. मग होतकरू शिक्षक त्या वर्गावर तोच पाठ आदल्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायचा. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, हसायची जागाही ठरलेली. परीक्षेच्या दिवशी त्या मुलांना धडा आयुष्यात पहिल्यांदा दिसतोय असं दाखवायचं. मुलं ते बेमालूम दाखवायची. लहान मुलांना नाटक आवडतंच. वाईट वाटायचं ते परीक्षकांचं, त्यांनाही ते आवडायचं.

पाठही एकच होता, वर्षानुवर्षांचा. एका जुन्या तक्त्यावर नदीकाठी बैल धुणारा शेतकरी. इंग्रजी विषय घेतलेला प्रत्येकजण तोच तक्ता काढायचा, कारण त्यावरचे प्रश्न आणि उत्तरं मागच्या बॅचकडून तयार मिळायची.

एका वर्षी पिंपळनेरच्या पलीकडच्या एका गावातली मुलगी आमच्याकडे होती. बारीक, कमी बोलणारी, नाकात चमकी. बी.एड. व्हायच्या आधीपासून ती गावच्या शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवत होती. संस्थेने तिला सांगून ठेवलं होतं की जूनपर्यंत पदवी घेऊन आलीस तर जागा तुझी, नाहीतर दुसरी बाई बघितलेली आहे. ती दुसरी बाई संस्थेच्याच कुणाची तरी भाची होती, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. नापास होऊन वर्षभर थांबणं तिला परवडणारं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण ते तिने मला पहिल्याच महिन्यात सरळ सांगितलं होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, मला तयार वर्ग नको. मैदानावरची पोरं द्या."

"का गं?"

"त्यांना शिकवायचंय. तयार वर्गाला काय शिकवू? त्यांना सगळं येतं."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी लगेच हो म्हणाले. पस्तिशीत लिहिलेला माझा प्रबंध कुणीतरी पहिल्यांदा वर्गात नेत होतं. वाचलेला नसूनही नेत होतं, हे तर अधिकच बरं.

कॉलेजची परीक्षक मीच होते. बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ म्हणजे आमच्या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांनी शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली होती आणि तिच्यात पानोपानी मुलांच्या चुकीचा आदर करा, असं ठळक अक्षरांत होतं. सकाळी ते आले तेव्हाच कॉलेजच्या मागे शिपायाने पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकली होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा तो धूर व्हरांड्यात आला की परीक्षकाचं अर्धं लक्ष तिकडे जातं. आमचे प्राचार्य भरीत मुद्दाम सकाळीच टाकायला लावायचे. अनुभवी माणूस.

पहिला पाठ चाळीसगावकडच्या एका तरुणाचा, तयार वर्गावर. त्याने पुठ्ठ्याची नदी केली होती आणि दोरी ओढली की बैल माना हलवायचे. आत्मविश्वास दांडगा. पहिला प्रश्न, हू इज इन द पिक्चर, वर्ग गरजला, अ फार्मर. मग गडबडीत त्याचा दुसरा प्रश्न राहून गेला. धुतोय काय, हे विचारायचं सोडून त्याने विचारलं, व्हेअर इज ही? वर्गाने ठरल्याप्रमाणे दुसरं उत्तर दिलं, बुलक्स. व्हाय इज ही वॉशिंग देम? निअर द रिव्हर. इज ही हॅपी? बिकॉज दे आर डर्टी. शेवटपर्यंत असंच. मुलं खड्या आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने, एकेक घर मागे चालली होती. त्या तरुणाला घाम फुटला, पण थांबायचं कसं हे त्याच्या सरावात नव्हतं. मी परीक्षकांकडे पाहिलं. ते पुठ्ठ्याच्या बैलांकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी कागदावर लिहिलं, वर्गाचा सहभाग उत्कृष्ट.

मग आम्ही तिच्या वर्गात गेलो. मैदानावरून आणलेली पोरं, कुणाच्या गुडघ्याला माती, कुणी घामेजलेलं. तक्ता तोच. तिने तो भिंतीवर टांगला आणि काही न बोलता मुलांना बघू दिला. मग सावकाश, साध्या इंग्रजीत विचारलं की हा माणूस काय करतोय. मागून एक आवाज आला, "नदीमा बैल धुई राहिना." तिने मान डोलावली आणि तेच, नदीत बैल धुतोय, इंग्रजीत म्हटलं. का धुतोय, असं इंग्रजीत विचारलं. वर्ग तक्त्याकडे बघत राहिला. मग एक मुलगी म्हणाली, "पोया शे, म्हनीसन."

पोळा आहे म्हणून. त्या तक्त्यावर इतकी वर्षं इतक्या लोकांनी पाठ घेतले, पण बैल घाणेरडे आहेत याच्या पुढे कुणाची मजल गेली नव्हती. ही पोरं चित्र बघत होती, इंग्रजी प्रश्न ऐकत होती आणि डोकं चालवत होती. तिने फळ्यावर पोळा लिहिलं, मग मुलांकडून एकेक इंग्रजी शब्द काढत वाक्य बांधलं. तास संपेपर्यंत चार-पाच जणांनी आपापल्या बैलाबद्दल मोडकंतोडकं पण स्वतःचं इंग्रजी वाक्य म्हटलं. एकाने आपल्याकडे बैल नाही, ट्रॅक्टर आहे आणि तोही पोळ्याला धुतात असं सांगायची खटपट केली. मी शिकवण्याबद्दल जे काही वाचलं होतं ते सगळं त्या खोलीत घडत होतं. माझ्या शेजारच्या थोर माणसाने कागदावर लिहिलं, नो रिस्पॉन्स.

प्राचार्यांच्या खोलीत ताटं मांडली होती. भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, पातीचा कांदा, वर तेलाची धार. गुण ठरवायची वेळ जेवणाचीच. परीक्षकांनी तरुणाला भरघोस गुण दिले आणि तिला नापास केलं.

मी म्हणाले, "सर, तुम्ही पाठ बघितलात ना?"

"बघितला म्हणूनच. मॅडम, त्या वर्गात इंग्रजी होतं कुठे?"

"प्रश्न इंग्रजीत होता. मुलांनी उत्तर बरोबर दिलं. म्हणजे प्रश्न कळला होता."

"उत्तर कुठल्या भाषेत होतं?"

"अहिराणीत."

"मग ते बरोबर आहे की चूक, हे मला कसं कळणार?"

"म्हणजे सर, त्या खोलीत न कळणारं माणूस एकच होतं."

प्राचार्यांचा घास हातात राहिला. मी थांबले नाही. त्या तरुणाच्या वर्गाने प्रत्येक प्रश्नाला मागच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हे मी क्रमाने म्हणून दाखवलं. परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलांच्या चुकीचा आदर करायला हवा, मॅडम. उत्साह महत्त्वाचा." मग त्यांनी पातीचा आणखी एक कांदा घेतला. मला त्या माणसाचा जितका राग आला तितका त्यानंतर कुणाचाच आला नाही, आणि मला राग येणारी माणसं काही कमी भेटली नाहीत.

मी सांगितलं, कागदावर सही करणार नाही. माझी सही नसेल तर सगळ्या बॅचचा निकाल अडणार होता. प्राचार्य घाबरले. पण वाट काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते म्हणाले, "असं करू, तिचा फेरपाठ घेऊ. जेवण झाल्यावर लगेच. तयार वर्गावर." परीक्षक म्हणाले, चालेल. त्यांची गाडी संध्याकाळची होती.

मी व्हरांड्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. आणि वर हेही सांगितलं की तू नाही म्हण. मी सही करत नाही, प्रकरण वरपर्यंत जाऊ दे, मी लढते. मला लढायचं होतं. वर्षानुवर्षांच्या त्या मांडवांचं उट्टं काढायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती.

तिने ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमनी सही अडनी तर तुमनं काय जाई? मनी जागा जाई." इतके महिने ती माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायची. ते एकच वाक्य तिने घरच्या भाषेत म्हटलं, पदर खोचला आणि आत गेली.

तिने फेरपाठ असा घेतला की बघत राहावं. एकही प्रश्न गाळला नाही, ठरलेल्या जागी हसली, ठरलेल्या जागी शाबास म्हणाली. वर्ग गर्जत होता. बैल का धुतोय? बिकॉज दे आर डर्टी. परीक्षकांनी मला कोपराने हलकेच खुणावलं, बघा, जमतं की. त्या कागदावर माझीही सही झाली, आणि मग सगळ्यांचा तक्त्यासह फोटो निघाला, कुठे आणि केव्हा काढला हे कोपऱ्यात आपोआप छापून येतं तसला, कारण हल्ली त्याशिवाय झालेली गोष्ट झाली असं धरत नाहीत. फोटोत ती पहिल्या रांगेत आहे आणि हसत नाहीये.

मला तिचाही राग आला होता, हे सांगून टाकते. मला वाटलं होतं माझी लढाई तिचीही आहे. नापास झाल्यावर काय होतं, हे माझ्यासारख्या पेन्शनवाल्या बाईला फक्त शब्दांनी माहीत असतं.

जागा तिला मिळाली. दिवाळीला तिचा फोन यायचा, मुलं बरी आहेत, शाळा बरी आहे, एवढंच.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात मला एका पुस्तकासाठी लेख लिहायचा होता. खऱ्या वर्गाबद्दल लिहावं, शेवटचं तरी, असं फार वाटलं. मी तिला फोन केला, येते म्हणाले. कॉलेजची गाडी घेऊन साक्रीवरून पुढे गेले. शाळा छोटी, कौलारू, समोर चिंच. ती दारात उभी होती, थोडी भरलेली, चमकी तीच. मुलं एका सुरात गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली.

तिने आठवडी बाजारावर पाठ घेतला. मुलं उठून इंग्रजीत बोलली. कोण बाजारात काय विकतं, कोण काय आणतं, आईने बांगड्या कुठे घेतल्या. वाक्यं पूर्ण, आवाज मोकळे, वर्गात एक शब्द अहिराणीचा नाही की मराठीचा नाही. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, बघा रे तज्ज्ञांनो, हे असं असतं, आणि हे तुमच्या नाकावर टिच्चून इथे घडलंय.

पाठ संपल्यावर मी पहिल्या बाकावरच्या मुलीला सहज विचारलं, इंग्रजीतच, की आज सकाळी तू काय खाल्लंस?

तिला प्रश्न कळला. तो कळताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसला, आयुष्यभर तेवढं एकच बघायला शिकले आहे मी. तिचे ओठ उघडले, पहिलं अक्षर आलंही, आणि तिने बाईंकडे पाहून तोंड मिटलं. मी पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. शेजारच्या मुलाकडे वळले तर तोही बाईंकडेच बघत होता.

मी त्यांच्या बाईंना बाहेर बोलावलं. "हे काय?"

"तुम्ही येणार म्हणून तयारी करून घेतली, मॅडम. बाहेरचं माणूस आलं की घरच्या भाषेतला एक शब्द काढायचा नाही, असं सांगून ठेवलंय. साहेब लोक येतात, एक शब्द ऐकला तरी शेरा मारून जातात."

"मी बाहेरची?"

तिला वाईट वाटलं असावं, पण ती खोटं बोलली नाही. "गाडी उनी का पोरं गप्प व्हतस, मॅडम. गाडीमा कोन शे ते पोरेस्ले काय माहीत."

मी म्हणाले, "मग मी मागे बसते. तू रोजचं शिकव. मला तेच बघायचंय."

तिने एकदा वर्गाकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही मागे बसलात की ते रोजचं राहणार नाही." इतकं हळू, इतकं मायेने म्हणाली की मला भांडताही येईना. मग तिने वाकून नमस्कार केला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी चिंचेखाली उभी राहिले. मग तिने माझाच प्रश्न वर्गाला विचारला, इंग्रजीत, आज सकाळी काय खाल्लं. आणि आत एकदम कल्ला उसळला, अहिराणी, इंग्रजी, हसणं, बाकं सरकवणं. त्यातून त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचा आवाज ओळखू आला. आय एट भाकर, आय एट ठेचा, आय एट... आणि मग खूप तिखट लागलं हे सांगायला तिला इंग्रजी सापडेना, म्हणून तिने ते सरळ घरच्या भाषेत सांगितलं आणि सगळा वर्ग तिला इंग्रजी शब्द सुचवायला लागला. मला आत जायचं होतं, फार जायचं होतं.

ड्रायव्हरने गाडीची काच खाली केली. "झाला का पाठ, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "आत्ता सुरू झालाय. गाडी काढा."